उंच पाट

सक्करदरा, नागपूर
९ फेब्रुवारी

उन्नती,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवशील, असं बाबा म्हणाले. मी म्हटलं, ठेवू दे. कागद काही नासत नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि माझ्या मेसेजखाली आताशा एकच खूण उमटते, दुसरी येतच नाही. तेव्हा हे.

पोस्टातल्या मुलीने पाकीट काट्यावर ठेवलं आणि विचारलं, "मावशी, नेदरलँड्स म्हणजे कुठे आलं?" मी म्हटलं, जिथे माझ्या मुलीला मापाची पँट विकत मिळते तिथे. तिला काही कळलं नाही. तिने तिकिटं चिकटवली.

इथे सगळं ठीक आहे. थंडी संपली म्हणायची. बाबांच्या दुकानात आत्तापासूनच कूलरवाले यायला लागलेत. कोणाचा पंप बंद, कोणाच्या गवताच्या ताट्या बदलायच्या. बाबा दुपारी घरी जेवायला येत नाहीत, मी डबा पोचवते.

साक्षगंधाचा अल्बम तयार होऊन आला. मी अजून उघडलेला नाही. फोटोवाला म्हणाला, "काकू, साखरपुड्याचं झालं, लग्नाचंही आमच्याकडंच ना?" मी हो म्हटलं.

शेजारच्या यमुताई विचारत होत्या, उन्नती त्या दिवशी न जेवताच कशी निघाली. मी सांगितलं, विमानाची वेळ झाली होती. विमान तीन दिवसांनी होतं हे त्यांना माहीत आहे, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे. त्यांनी दह्याची वाटी घेतली आणि गेल्या.

पाटाबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. तो डेकोरेशनवाल्याने आणला असेल, असं मी त्या दिवशी म्हटलं. नत्थूने सगळ्यांसमोर वेगळं सांगितलं. सुताराचं खरं मानायचं की आईचं, ते तू ठरवलंस.

तब्येत सांभाळ. तिकडे अजून बर्फ पडतो का?

आई


२७ फेब्रुवारी

उन्नती,

काल तू बाबांना फोन केलास तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तुलाही ते माहीत असणार, कारण बाबांचा आवाज मध्येच खाली गेला. फोन ठेवून ते आत आले, माठातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "नऊ मे ठरली. सकाळी रजिस्टर लग्न, मंग खाप्याले पियूषच्या घरी मांडव. आपल्या दोघांलेही बोलावलं आहे."

"मलाही?"

"तुलेही." मग पेला पालथा घालत म्हणाले, "पण एक गोष्ट म्हणते ते. फोटोत आईनं उभं राह्यचं. खुर्चीवर बसायचं नाही. बसायचं असंन तं येऊ नको म्हणते."

एवढीच अट. ऐकून मला हसू आलं आधी. मग मी कणीक मळायला घेतली आणि ती मळतच राहिले.

तू लहान असताना विचारलं होतंस, "आई, सगळ्या फोटोंत तूच का बसलेली असतेस?" मी म्हटलं होतं, पाय दुखतात. तू तेव्हा ते मानलंस. पुढे कधीतरी, बहुतेक कॉलेजात असताना, मानणं सोडलंस. आपल्या घरात खरंच असा एकही फोटो नाही, ज्यात मी बाबांच्या शेजारी उभी आहे. लग्नाच्या फोटोत मी खुर्चीत आणि ते मागे खांद्यावर हात ठेवून. तुझ्या बारशात मी पाळण्यापाशी वाकलेली. मधुकरकाकांच्या साठीला मी पहिल्या रांगेत, सतरंजीवर, लहान मुलांमध्ये. बाबांपेक्षा मी तीन बोटं उंच आहे. तीनच. पण तीन बोटं लपवायलाही रोज काहीतरी करावं लागतं. चप्पल सपाट घ्यायची, रस्त्यात अर्धं पाऊल मागे चालायचं, कोणी समोर आलं की मान थोडी कलती करायची. ते मग अंगात मुरतं. वेगळं काही करतोय असं वाटत नाही.

आणि तू तर पाच फूट दहा. नववीत तू माझ्या डोक्यावरून गेलीस, तेव्हाच मला धास्ती बसली. मी तुझ्या लग्नाच्या माहितीपत्रकावर पाच सात लिहिलं. तू ते वाचून विचारलंस, "आई, हे उरलेले तीन इंच तिथे गेल्यावर कुठे ठेवू?" मी म्हटलं, बसलेल्या माणसाचं कोणाला कळत नाही. पण मुलाला घेऊन तुला पाहायला आलेल्या रामटेकच्या त्या बाईंना कळलं. रांगोळी पाहायच्या निमित्ताने त्यांनी तुला अंगणात नेलं, चप्पल काढायला लावली आणि मुलाला हाक मारली, "ये रे, बघ कशी काढली आहे." तुम्ही दोघं त्या रांगोळीपाशी उभे होतात, आणि बाई रांगोळीकडे बघतच नव्हत्या. जाताना त्यांनी तुझ्या हातचे पोहे छान झाले म्हणून सांगितलं.

त्यानंतर तू तिकडे गेलीस. पहिल्या आठवड्यात ओट्याचा फोटो पाठवला होतास. "आई, इथला ओटा माझ्या कमरेला लागतो. भांडी घासताना पाठ दुखत नाही." मी तो फोटो कितीदा पाहिला ते तुला सांगितलं नाही. आपला ओटा तुझ्या आजीच्या मापाचा आहे.

मग तुझी ती मैत्रीण, सहा फुटी, मारिका. मी तुला विचारलं होतं, तिकडे सगळ्याच उंच, मग त्यांचं कसं जमतं? तू म्हणालीस, "त्यांनाही आपल्याहून उंच मुलगाच हवा असतो आई. मारिका तर साफ सांगते, उंच पाहिजे. पण तिची आई तिला बुटकी हो म्हणत नाही."  आणि त्यानंतर दोन महिन्यांनी तू पियूषचं सांगितलंस. सगळे उंच मुलगे सोडून, तिकडे शिकायला आलेला खाप्याचा मुलगा. पाच फूट एक.

तो दिवाळीत घरी आला होता तेव्हा दाराशेजारच्या किल्ल्यांच्या पाटीखाली उभा होता. केस दुसऱ्या खुंटीला लागत होते. तो गेल्यावर मी टेप आणून खुंटीपर्यंतचं माप घेतलं आणि नत्थूला दिलं. सागवानी पाट, एक वीत उंच, वरून लाल मखमल. हार घालताना तुमचे खांदे सारखे दिसले असते. कोणी हसलं नसतं. माझ्या डोक्यात तेवढंच होतं, उन्नती. कोणी हसू नये.

फोटोवाल्याने "नवरदेव, चढा ना पाटावर" म्हटलं आणि तो मुलगा हसत चढला. त्याला वाटलं आपल्याकडची काही रीत असेल. तो मला वाईट वाटू नये म्हणून चढला, हे मला तेव्हाही दिसत होतं. आणि मग नत्थू जेवणाच्या रांगेतून कौतुकाने ओरडला, "पोरी, मीच बनवला ना! तुह्या मायनं माप देल्लं होतं जवाईबापूचं!"

तू त्याचा हात धरून त्याला खाली उतरवलंस. मला तू काही बोलली असतीस तर बरं झालं असतं.

आई


३० मार्च

उन्नती,

पियूषचे आईवडील काल येऊन गेले. आमंत्रण द्यायला. येताना कन्हान नदीच्या वाळूतली दोन टरबुजं घेऊन आले, एकेक असं की मला उचलवेना. महादेवराव बाबांसोबत पुढच्या खोलीत बसले आणि सुभद्राताई सरळ माझ्याकडे आत आल्या. मी खुर्ची दिली, त्या खाली बसल्या. मग मीही खाली बसले.

मी त्यांची माफी मागायची तयारी केली होती. दोन दिवस मनात वाक्यं जुळवत होते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"तुमी काहून जीव जाळून राहिल्या बाई? आमच्या पियूषले साऱ्या शाळेनं गिट्टा म्हणलं. तो म्हने, गिट्टा हाव तं हाव, कपाशी वेचाले वाकाव तं नाही लागत!"

"पण त्या दिवशी सगळ्यांसमोर..."

"त्या दिवशी आमाले तं काई समजलंच नाही. आमचे हे म्हने, सक्करदऱ्याचे लोक जवायाले सिंहासनावर उभं करतात वाटते." आणि त्या पदर तोंडाला लावून अशा हसल्या की पुढच्या खोलीतून महादेवरावांनी विचारलं, "काय झालं वं तिकडं?"

मी त्यांना विचारलं. मनापासून विचारलं, उन्नती, टोचायला नाही. म्हटलं, तुमच्याकडे मुलगी पाहताना उंची नाही का पाहत?

"आमच्याकडं हात पाह्यतात. कामाचे हायेत का." मग म्हणाल्या, "अन् रंग पाह्यतात. मी काळी. मले दोन जागी नाही म्हणलं. तिसऱ्या जागी हे होते. ह्यायचा बाप म्हने, रंगानं काय वखर चालते का? पण सासू मले सात-आठ वरीस हयदीच्या दिवशी समोर नोहती बसू देत." त्यांनी हे अगदी सहज सांगितलं, टरबुजाच्या बिया वेचता वेचता. "तुमच्याकडं उंची. आमच्याकडं रंग. तुमची पोरगी राह्यते तिकडं अजून काई असंन. कोनं ना कोनं कायले तरी टेप लावतेच बाई."

जाताना दारात त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मी नेहमीसारखी, चौकटीला टेकून, एका पायावर भार देऊन उभी होते. त्या म्हणाल्या, "तुमीही उंचच हा वं! मले आत्ता दिसलं. बसून होत्या म्हनून समजलंच नाही." आणि मग बाबांकडे बघून, "चांगलं हाय. आता दोघी मिळून आमच्या जांभळीची जांभळं तोडजा. शिडी नाही लागणार."

मी बाबांकडे पाहिलं नाही. मला भीती वाटली की त्यांचा चेहरा उतरला असेल. ते हसले की नाही हे मला आत्ताही माहीत नाही, कारण मी पाहिलंच नाही.

तुझ्या अटीबद्दल मी अजून काही ठरवलेलं नाही. तुला वाटतं हा माझ्या हट्टाचा प्रश्न आहे. तसं नाही. मी एकटी असते तर आज उभी राहिले असते. पण मी उभी राहिले की शेजारी तेही उभे असणार. खाप्याचा सगळा गाव बघणार. या वयात मी त्यांना सगळ्यांसमोर लहान का करू? मुलीला फोटो हवा आहे म्हणून?

आई


१८ एप्रिल

उन्नती,

तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती कशी सांगावी कळत नाही. म्हणून झाली तशी सांगते.

तो उंच पाट मी साक्षगंधानंतर माळ्यावर टाकला होता. गेल्या महिन्यात तो तिथून नाहीसा झाला. मला वाटलं बाबांनी भंगारात दिला असेल, आणि मला बरंच वाटलं. काल डबा घेऊन दुकानात गेले तर बाबा त्या पाटावर उभे. मखमल काढून टाकलेली. वरच्या फळीवरची कूलरची मोटार काढत होते. दुकानात चार गिऱ्हाइकं, बाहेर तिघं-चौघं. त्यांतला एक गोपाळराव, बाबांचा शाळेतला दोस्त. तो म्हणाला, "का गा वामन्या, पाटावर चढूनही पोचून नाही राह्यला?"

माझ्या हातातला डबा गरम झाल्यासारखा वाटला मला. आणि बाबा वरूनच म्हणाले, "तू ये ना इकडं, तुले खांद्यावर घेतो. दोघं मिळून पोचू."

सगळे हसले. बाबाही. मोटार काढली, फुंकर मारून धूळ उडवली, उतरले. मला पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं. हे माझ्या लक्षात आलं, उन्नती. चारचौघांत ते हसत होते, आणि मला पाहून थांबले.

गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं, हा पाट इथे कशाला आणला? म्हणाले, "कामाचा आहे. किती वर्सं झाले, स्टूल घीन घीन म्हणत होतो." मी म्हटलं, घरी तर तुम्हाला कधी काही वरचं लागलं नाही. ते डबा उघडत होते. न बघता म्हणाले, "घरी वर आहे काय? तू वरच्या फळ्यांवर कधी काही ठेवलं?"

तू लहानपणी विचारायचीस ना, आपल्याकडे वरच्या फळ्या रिकाम्या का? तुझ्या मैत्रिणींकडे पापडाचे डबे, पितळेची भांडी, सगळं वर असायचं. आपल्याकडे सगळं कमरेपासून खांद्यापर्यंत. मी लग्न होऊन आले त्या वर्षीच सगळं खाली आणून ठेवलं होतं, म्हणजे हात पोचत नाही म्हणून त्यांना कधी मला हाक मारावी लागू नये. ते त्यांना कळलेलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

 ते वरणात पोळी बुडवून खात राहिले. मग म्हणाले, "आपल्या लग्नात, हार घालायच्या वेळी, माह्या दोस्तांनी मले उचललं होतं. आठवते?"

आठवतं म्हटलं. सगळ्यांच्याच लग्नात उचलतात.

"हो. साऱ्यांच्याच लग्नात उचलतात. मजा असते. मी वरून हसत होतो. हा गोपाळच होता खाली, म्हणे, आता पाहू वहिनी कशी घालते. अन् तू काय केलं? तू मान खाली घातली. अशी वाकली का मले उचलाची गरजच नाही. त्यांनी मले खाली ठेवलं. कोणी हसलं नाही मंग." त्यांनी हात धुतले. "तवापासून तू वाकूनच आहेस."

मी म्हटलं, माझ्या आईने कानात सांगितलं होतं. मांडवात जरा वाकून राहा, नवऱ्याचा मान असतो.

"मले कोणं इचारलं?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुला त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते नीट येणार नाही. ते म्हणाले, "मले वाटे, तुले माही लाज वाटते. फोटोत बसतेस, रस्त्यानं मागं चालतेस. मले वाटे, हिले लोकांत दाखवाचं नसंन का हा आपला नवरा आहे."

"मग कधी विचारलं काहून नाही?" माझ्या तोंडून काहून निघालं, आमच्या आईसारखं.

"इचारलं असतं अन् तू हो म्हणली असती तं?"

तेवढ्यात पंपाचं गिऱ्हाईक आलं. बाबा उठले. मी डबा घेऊन घरी आले. सक्करदऱ्याच्या तलावाच्या बाजूने, लांबच्या वाटेने आले, ऊन होतं तरी. मला कुठे तरी चालायचं होतं.

 मी तुला फक्त कळवते आहे.

आई


३ मे

उन्नती,

तू निघालीस असं कळलं, म्हणून हे पत्र तिकडच्या पत्त्यावर न पाठवता महादेवरावांच्या हाती खाप्याला पाठवते आहे. सुभद्राताई देतील.

मी येणार आहे. उभी राहणार आहे.

आज दुपारी बाबा घरी होते. लोडशेडिंगमुळे दुकान बंद ठेवलं होतं. मी त्यांना म्हटलं, जरा कपाटाच्या आरशासमोर या. ते आले. मी शेजारी उभी राहिले, भिंतीला टाच लावून, शाळेत वजन-उंची घेताना उभं राहतात तशी. पाठ सरळ करायला गेले आणि मानेखाली काहीतरी अडलं. जोर लावला. तिथून पुढे जाईना. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं की कण्याला बाक आला आहे, पण मला वाटलं ते पाठदुखीबद्दल बोलताहेत.

आरशात आम्ही दोघं सारखे दिसत होतो, उन्नती. अगदी सारखे. तीन बोटं नव्हती. बाबांनी माझ्या डोक्यावरून हात सपाट धरून स्वतःच्या डोक्यावर आणला, दोनदा. मग माझ्या पाठीवर, जिथे अडतं तिथे, तळवा ठेवून उभे राहिले.

इतकी वर्षं मी जे झाकत होते, ते आता झाकायला उरलेलंच नाही. कधी संपलं, तेही कळलं नाही.

तेव्हा तुझ्या फोटोत तुला हवी तशी उंच आई मिळणार नाही. जी आहे ती उभी राहील. चालेल ना?

आई


११ जून

उन्नती,

तू पोचल्याचा फोन माझ्या फोनवर आला. मी तो तीनदा वाजू दिला, तेवढा वेळ तुझं नाव बघत होते. रागावू नकोस.

फोनवर सगळं बोललो तरी हे लिहायचं राहिलं, म्हणून लिहिते. मला आता पत्राची सवय लागली आहे बहुतेक.

त्या दिवशी मांडवात पियूषच्या दोस्तांनी त्याला उचललं तेव्हा माझे डोळे आपोआप मिटले. इतक्या वर्षांची सवय. उघडले तेव्हा तू नुसते हात वर केले होतेस. मान खाली नाही, टाच वर नाही, नुसते हात. आणि हार त्याच्या गळ्यात. सगळा मांडव हसला. मग त्याची पाळी आली तर तो मोठ्याने म्हणाला, "जराशी वाक वं!" तू म्हणालीस, "नाही." आणि त्या मुलाने उडी मारली! हार तुझ्या एका कानाला अडकला. सुभद्राताई हसून हसून खाली बसल्या. मी बाबांकडे पाहिलं. या वेळी पाहिलं. ते डोळे पुसत होते, आणि हसत होते. किंवा उलट.

फोटोच्या वेळी तो फोटोवाला नेहमीसारखा दोन खुर्च्या घेऊन आला, "आईवडिलांसाठी." बाबांनी त्या उचलून बाजूला ठेवल्या. तू पलीकडे होतीस, तुला ऐकू आलं नसेल. ते माझ्या कानाशी म्हणाले, "होते तेवढी सरळ राह्य. बाकी राहू दे." तू पाठवलेल्या फोटोत माझं तोंड थोडं उघडं आहे ते म्हणून. मी काहीतरी म्हणायला गेले होते.

फोटोत तू किती उंच दिसतेस. पियूषच्या डोक्यावर तुझी हनुवटी येते. मी ते बघत बसते आणि मला कसनुसं होतं अजून, खोटं कशाला सांगू. जुनी नजर आहे, ती एकदम जाणार नाही. पण मी बघते. पान उलटत नाही.

आता परवाचं सांगते आणि थांबते. खाप्याहून आणलेल्या लोणच्याची बरणी मी वरच्या फळीवर ठेवली होती. मुद्दाम ठेवली होती, नत्थूला शिडीवर चढवून, हेही कबूल करते. दोन आठवडे तिचं नाव कोणी काढलं नाही. परवा जेवताना बाबा म्हणाले, "ते वरचं लोणचं दे वं जरा."

सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे वरचं काही मागितलं नव्हतं.

मी उठले. हात वर केला. पूर्वी जिथे सहज पोचत असे, तिथे आता बोटांची टोकं नुसती बरणीला लागली. पकड येईना. मी टाचा उचलल्या. पाठीत कळ आली. मी तशीच उभी राहिले, हात वर करून, आणि मला वळून बघवेना.

बाबा उठल्याचा आवाज आला. ते दारामागे गेले आणि तो पाट घेऊन आले. दुकानातून घरी कधी आणला होता मला माहीत नाही. त्यांनी तो माझ्या पायांशी ठेवला, हलत नाही ना ते दाबून पाहिलं, आणि म्हणाले, "चढ."

मी चढले. बरणी काढली. खाली द्यायला वळले तर ते दोन्ही हात वर करून उभे होते. त्यांच्या डोक्यावर मधोमध केस विरळ झालेत, उन्नती. चांगलं रुपयाएवढं टक्कल आहे. ते मला माहीतच नव्हतं.

आई